दम आधी येतो, कंडरा मागाहून

पोहणं, सायकल आणि पळणं एकाच शर्यतीत करणारा हौशी ट्रायथलीट मोडतो तो बहुधा तयारीच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात. गंमत अशी, की त्या सुमारास तो जन्मात कधी नव्हता इतका तंदुरुस्त असतो. सकाळची नाडी खाली आलेली असते, सिंहगडाच्या चढावर सायकल मारताना बोलायला दम उरतो, ऑफिसातले जिने जाणवत नाहीत. आणि एके दिवशी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेच्या वर, मागच्या बाजूला, कळ येते. दहा पावलं लंगडलं की ती जाते. ती जाते म्हणून त्या दिवशीही पळणं होतं, आणि खरा घात तिथेच होतो.

नियमित व्यायाम सुरू केला की आठ-दहा दिवसांतच शरीरातल्या रक्तद्रवाचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागतं आणि दोन महिन्यांत स्नायूंचा कस बदलतो. कंडरेला, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, मात्र रक्तपुरवठाच तुटपुंजा. ती ताठ आणि जाड व्हायला तीन-चार महिने लागतात, कधी त्याहून जास्त. हाडाची तर उलटीच तऱ्हा. भार वाढला की आधी जुनं हाड पोखरून काढलं जातं आणि मग तिथे नवं भरलं जातं. पोखरायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरून घट्ट व्हायला तीन महिने. म्हणजे भार वाढवल्यावर साधारण महिनाभराने, ऐन उत्साहाच्या दिवसांत, ते हाड आधीपेक्षा कच्चं असू शकतं.

नुसतं पळणाऱ्या नवख्याला निदान दमाचा लगाम असतो. धाप लागते, तो थांबतो, पाय वाचतात. ट्रायथलीटचा हा लगाम सायकल काढून घेते. तीन-तीन तासांच्या राइडवर कमावलेला दम घेऊन तो रस्त्यावर पळायला उतरतो. छाती म्हणते, आणखी पाच किलोमीटर सहज. पोटऱ्यांना, नडग्यांना आणि टाचांना त्या पाच किलोमीटरचा पत्ताच नसतो. या खेळातल्या बहुतेक दुखापती पळण्याच्या खात्यावर पडतात त्या या उधारीमुळे.

मुळात आयर्नमॅनचा, या खेळातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचा, जन्मच दमाच्या वादातून झाला. हवाईतल्या ओआहू बेटावर अमेरिकन नौदलातले जॉन कॉलिन्स आणि मंडळींमध्ये पळणारे दमदार, पोहणारे दमदार की सायकलवाले, अशी चर्चा रंगली आणि बेटावरची तीन वेगवेगळ्या शर्यतींची अंतरं एकाच दिवसात जोडून टाकायचं ठरलं. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली, गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर पळणं ही अंतरं तेव्हापासूनची. कोणाच्या कंडरा जास्त टिकाऊ, हा प्रश्न त्या वादात कोणी काढलेला दिसत नाही.

आपल्याकडे २०१५ मध्ये पन्नाशीला टेकलेल्या मिलिंद सोमणने झ्युरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली आणि चाळिशीतल्या कितीतरी जणांच्या मनात किडा वळवळला. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला पहिली आयर्नमॅन ७०.३, म्हणजे निम्म्या अंतराची शर्यत, झाली तेव्हा व्हिसा आणि विमानाचा खर्चही उरला नाही. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळायचं, सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. कोल्हापुरात राजाराम तलावावर शर्यती होतात. पुणे, मुंबई, नाशिकला पहाटे साडेचारला दिवा लावून सायकली बाहेर पडतात. पुढे जे लिहिलंय ते या साडेआठ तासांच्या गटातल्या, नोकरी-धंदा सांभाळून आठवड्याला नऊ-दहा तास काढणाऱ्या माणसासाठी.

त्या नऊ-दहा तासांची वाटणी साधारण अशी बसते: दोनदा तासभर पोहणं, एक तीन-साडेतीन तासांची लाँग राइड, मधल्या वारी एक तासाची, पळणं तीनदा मिळून दोन-सव्वादोन तास, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन वजनाचे वार. वेळ कमी पडला की पहिली कात्री वजनाच्या वाराला लागते आणि ती चुकीच्या जागी लागते. एखादं पोहणं चुकलं तर शर्यतीत दोन मिनिटं जातील. पोटरीचा व्यायाम तीन महिने चुकला तर शर्यतच जाऊ शकते. पळताना प्रत्येक पावलाला टाचेमागच्या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो आणि २१ किलोमीटरमध्ये एकेका पायाची दहा हजारांहून जास्त पावलं पडतात. एका पायावर उभं राहून, गुडघा सरळ ठेवून, टाच पूर्ण वर उचलत सलग २५ वेळा वर-खाली होत नसेल तर हाफ मॅरेथॉनचा हिशेब कच्चा आहे. भिंतीला बोटं टेकवून आज रात्रीच करून बघावं. दोन्ही पायांत पाच-सहाचा फरक निघाला तर कमी पडणारा पाय कोणता, हे लक्षात ठेवावं.

किती वाढवायचं याबद्दल ‘आठवड्याला दहा टक्के’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो तसा भाबडा आहे. आठवड्याची बेरीज दहा टक्क्यांत बसवूनही माणूस रविवारी एका दमात १२ वरून १८ किलोमीटरवर उडी मारतो, कारण मंगळवार आणि गुरुवार ऑफिसात गेलेले असतात. २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त पळणाऱ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात धोका आठवड्याच्या बेरजेशी जुळला नाही, एकट्या-दुकट्या लांब पळण्याशी जुळला. गेल्या तीस दिवसांतल्या सगळ्यात लांब पळण्यापेक्षा आजचं पळणं दहा टक्क्यांहून लांब झालं की दुखापती वाढल्या. व्यवहारात एवढं पाळलं तरी पुरे. चुकलेलं पळणं रविवारी भरून काढायचं नसतं, ते सोडून द्यायचं.

पोहण्याकडे वळू. गावाकडे विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, आणि हे भांडवल तरणतलावात शिकलेल्याकडे नसतं. पण विहिरीत डोकं वर ठेवून पोहायची सवय लागते. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय बुडतात, मग जोर पाण्यातून पुढे जायला न लागता तरंगत राहायलाच लागतो. नजर तळाकडे, कपाळ पाण्यात, श्वासाला फक्त तोंडाचा अर्धा कोपरा बाहेर, एवढं जमवायला दोन महिने गेले तरी ते वसूल होतात. खांदा दुखतो तो बहुतेक दोन चुकांनी. एक, हात डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडून पलीकडे पडतो. दुसरी, अंगठा खाली करून हात पाण्यात शिरतो. दोन्हींत खांद्याच्या आतली कंडरा चिमटते. हात खांद्याच्या सरळ रेषेत आणि बोटांच्या टोकांनी शिरला पाहिजे. खांदा कुरकुरत असेल तर हाताला लावायचे पॅडल पहिल्यांदा पिशवीत जावेत. नवख्याने ते घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोव्यात पोहायला सत्तर मिनिटं असतात, म्हणजे शंभर मीटरला तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंद. तरणतलावात तीन मिनिटांच्या आत येणाऱ्याला हे सोपं वाटतं. पण आयर्नमॅनच्या नियमानं हौशी स्पर्धकांना वेटसूट (अंगाला तरंगवणारा रबरी पोशाख) २४.५ अंशांपर्यंतच्या पाण्यातच चालतो आणि अरबी समुद्र तेव्हा त्याहून कितीतरी कोमट असतो. युरोपातल्या शर्यतींचे व्हिडिओ पाहून ज्या तरंगण्याचा भरवसा धरला जातो, ते इथे मिळत नाही. मिरामार मांडवीच्या मुखाशी आहे, पावसाळा नुकता सरलेला असतो, पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही. म्हणून आठ-दहा हातांमागे एकदा डोळे पाण्याबाहेर काढून मार्ग दाखवणारा तरंगता बोया पाहायची सवय आधी लागलेली हवी. आधी पाहायचं, मग बाजूला मान वळवून श्वास घ्यायचा. दोन्ही एकदम केलं की खारं पाणी घशात जातं. छातीत धडधड झाली तर उताणं व्हायचं, वीस श्वास मोजायचे, हात वर करायचा. मदतीच्या कयाकला (छोट्या होडीला) धरून थांबायला परवानगी असते, फक्त तिने ओढत पुढे नेता कामा नये.

सराव समुद्रात जमला नाही तर माणसं तलाव-धरणात करतात. इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. १९९८ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डच्या तलावात ट्रायथलॉन झाली, आणि त्यानंतर जवळपास शंभर स्पर्धक तापाने आजारी पडले. कारण निघालं लेप्टोस्पायरोसिस. आपल्याकडे पावसाळ्यात आणि पाऊस ओसरल्यावर तलावाच्या पाण्यात गुरांचं, उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतंच. पायाला चीर, खरचटलेलं असेल तर त्या पाण्यात उतरू नये. पोहल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत ठणका आणि डोळे लाल झाले तर डॉक्टरांना तलावाचं नाव घेऊन सांगावं, नाहीतर ‘व्हायरल’ म्हणून आठवडा जातो.

सायकलीवर दुखापती कमी होतात, पण ज्या होतात त्या मिलिमीटरच्या असतात. सीट किती उंच हवी याची घरची चाचणी: सायकलचे बूट घालून, भिंतीला टेकून सीटवर बसायचं, टाच पेडलवर ठेवायची आणि पेडल सगळ्यात खाली न्यायचं. पाय जेमतेम सरळ झाला आणि कंबर त्या बाजूला कलली नाही, तर उंची जवळपास बरोबर. मग पुढच्या चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक उरतो. गुडघ्याच्या वाटीच्या पुढे दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा फार पुढे, नाहीतर चढाला जड गिअर रेटला जातोय. गुडघ्यामागे दुखत असेल तर सीट वर आहे. बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर सीट वर असण्याबरोबरच क्लीटचा (बुटाच्या तळाच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या खाचेचा) कोनही पाहावा. बदल करताना एका वेळी तीन मिलिमीटर आणि त्यावर दोन-तीन राइड. एकाच संध्याकाळी सीट, हँडल, क्लीट तिन्ही हलवलं की काय लागू पडलं ते कधीच कळत नाही. टाचेमागची कंडरा कुरकुरणाऱ्याने क्लीट पाच ते दहा मिलिमीटर टाचेच्या दिशेने मागे घ्यावी. पोटरीचं काम कमी होतं आणि तो वाचलेला जोर पळायला मिळतो. क्लीट मागे गेली की सीटही दोन-तीन मिलिमीटर खाली आणावी लागते, हे विसरलं जातं.

लाँग राइडनंतर लगेच पळायचा ब्रिक वीस मिनिटांचा पुरे. त्याचा उपयोग जड झालेले पाय ओळखीचे होण्यापुरताच आहे. पहिल्या दोन किलोमीटरना वेग वीस सेकंदांनी कमी ठेवायला शिकणं हा त्यातला खरा धडा. ब्रिकच्या नावाखाली दमलेल्या पोटऱ्यांवर दर रविवारी बारा किलोमीटर मारणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचाही इथे उल्लेख करायला हवा. यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा, पदक देखणं आणि वातावरण जत्रेचं, तेव्हा गोव्याची नोंदणी केलेले अर्धे लोक तिथे असतात. ती शर्यत सप्टेंबरच्या सुरुवातीला होते, गोवा त्यानंतर दीड-दोन महिन्यांत. चढ दमवतो, पण मोडतो तो उतार: मांडीचा पुढचा स्नायू आणि नडगी प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात. उतार जिंकायचा मोह टाळून, छोटी आणि भरभर पावलं टाकत उतरलं, आणि पुढचे दहा दिवस पळणं निम्म्यावर ठेवलं, तर साताऱ्याचा उपयोगच होतो. एरवी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फिजिओकडे रांग लागते.

आता त्या टाचेमागच्या कळीकडे. पहिलं काम, दुखतं कुठे ते अंगठा आणि तर्जनीत धरून बघणं. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर चिमटीत दुखतं आणि तिथे जाडसर गाठ लागते, तो एक प्रकार. कंडरा जिथे हाडाला चिकटते तिथेच दाबून दुखतं, तो दुसरा. दोघांना एकच औषध दिलं की दुसरा बिघडतो. पहिल्या प्रकारात पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, दोन्ही पायांनी वर जाऊन, भार दुखऱ्या पायावर घ्यायचा आणि टाच तीन सेकंदांत सावकाश पायरीच्या खाली सोडायची. वर येताना पुन्हा दोन्ही पाय. गुडघा सरळ ठेवून पंधरा-पंधराचे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून आणखी तीन, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. ही पद्धत स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडली. दिवसाला एकशे ऐंशी वेळा करायचं ऐकून लोक कंटाळतात, म्हणून आता बरेच फिजिओ आठवड्यातून तीनदा, जास्त वजनाने, एका वर-खालीला सहा सेकंद घेत करायला देतात. तेही तितकंच चालतं. हलका असो वा जड, सोपं झालं की पाठीवर पिशवी घेऊन वजन वाढवायचं. वजन न वाढवता तीन महिने तेच करत राहणं हे या उपचाराच्या अपयशाचं पहिल्या नंबरचं कारण.

दुसऱ्या प्रकारात टाच पायरीखाली सोडायची नाही. सगळा व्यायाम सपाट फरशीवर. टाच खाली आणि पाऊल वर, या स्थितीत कंडरा हाडावर दाबली जाते. म्हणून पोटरीचा ताण देणारं स्ट्रेचिंगही इथे घातकच. आपल्या घरांत आणखी दोन गोष्टी आड येतात: फरशीवर दिवसभर अनवाणी वावरणं आणि उकिडवं बसणं. काही आठवडे घरातही टाचेला सेंटिमीटरभर उंची असलेली चप्पल घालावी, उकिडवं बसणं टाळावं, बुटात टाचेखाली लहान पाचर ठेवावी. एवढ्यावर सकाळची लंगड निम्मी होते.

दोन्ही प्रकारांत पूर्ण विश्रांती हा उपाय नाही. कंडरा पडून राहिली की दुखणं जातं आणि ताकदही जाते, पळायला लागलं की महिन्याभरात तेच. शून्य ते दहाच्या मापावर दुखणं तीनपर्यंत असेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळच्या पातळीवर आलं असेल, तर तेवढा भार झेपतोय असं समजावं. पळताना कसं वाटलं यावर जाऊ नये. तापलेली कंडरा गप्प बसते. दुसऱ्या दिवशी पहिली दहा पावलं काय सांगतात, ते डायरीत एका आकड्यात लिहून ठेवावं. पळणं-सायकलची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावा अ‍ॅपवर हा आकडा दिसत नाही.

हाडाच्या बाबतीत मात्र हा सगळा सबुरीचा हिशेब गुंडाळून ठेवायचा. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर दुखत असेल, पळायला लागल्यावर मोकळं होत असेल, तर ते स्नायूंच्या चिकटण्याच्या जागेचं दुखणं असू शकतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखतंय, पळताना वाढत जातंय, रात्री झोपेत ठणकतंय, त्या पायावर उड्या मारल्या की कळ नेमकी तिथेच जाते, तर त्या दिवसापासून पळणं बंद. एक्स-रे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेकदा स्वच्छ येतो आणि तो पाहून लोक निर्धास्त पळतात. खात्री एमआरआयने होते. जांघेत खोल दुखणं, पावलाच्या वरच्या कमानीत दुखणं, करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाच्या बुडाशी दुखणं किंवा नडगीच्या पुढच्या धारेवर दुखणं, या जागा धोक्याच्या. तिथली चीर भरून यायला तयार नसते. खुब्याच्या मानेत ती पूर्ण तुटली तर शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नाही. इथे फिजिओच्या आधी अस्थितज्ज्ञ.

आणि हाडाला चीर का गेली, हा प्रश्न बुटांपाशी थांबवू नये. दोन तास घाम गाळून आल्यावर ‘वजन कमी होतंय तर चांगलंच’ म्हणत चहा-बिस्किटावर निघणारे खूप आहेत. खर्चाइतकं पोटात गेलं नाही की शरीर हाडाच्या डागडुजीवर काटकसर करतं. बायकांमध्ये पाळी लांबणं किंवा थांबणं ही त्याची उघड खूण, ‘व्यायामाने होतं तसं’ म्हणून सोडून द्यायची नाही. पुरुषांत कामेच्छा मंदावते, झोप लागत नाही, चिडचिड होते, आणि दोष ऑफिसला दिला जातो. रक्तात ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि फेरिटिन (लोहाचा साठा) पाहून घ्यावं, शाकाहारी असाल तर नक्कीच.

औषधांबद्दल तीन गोष्टी. पोट बिघडलं की दुकानातून सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिनची गोळी आणून घ्यायची आपल्याकडे सवय आहे. या वर्गातल्या प्रतिजैविकांमुळे कंडरा दुखावू शकते, क्वचित तुटतेही, आणि हा धोका गोळी थांबल्यावर काही महिने राहू शकतो. डॉक्टरांना ‘मी पळतो’ एवढं सांगितलं की ते बहुतेकदा पर्याय देतात. दुसरं, टाचेमागच्या कंडरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन शर्यतीला जाऊ नये. तिसरं, शर्यतीच्या सकाळी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी खिशात ठेवणारे बरेच असतात. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर येते. ज्या दुखण्याला गोळीशिवाय सुरुवातीची रेघ ओलांडता येत नाही, त्याला शेवटची कशी ओलांडता येईल?

या खेळाचं एक औदार्य मात्र आहे. पळणं बंद झालं तरी दोन खेळ उरतात. पोटरी सांभाळून सायकल, पायात फ्लोट धरून पोहणं, आणि खोल पाण्यात कमरेला फोमचा पट्टा बांधून पळणं. तळाला पाय न टेकता, शरीर ताठ, गुडघे पुढे आणि टाच मागे नेत, दोन मिनिटं जोरात आणि एक मिनिट सावकाश, असे दहा फेरे घातले की तेच पळणं होतं, फक्त धक्का नसतो. पाण्यात नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी कमी दिसते, म्हणून घड्याळापेक्षा श्वासावर जावं. असे सहा आठवडे काढले तरी दम फारसा जात नाही. आणि परतताना तोच पुन्हा दगा देतो: छाती तयार, पाय सहा आठवडे मागे. म्हणून आधी अर्धा तास झपाझप चालून दुसऱ्या सकाळी काही दुखत नाही ना, ते पाहायचं. मग दुखऱ्या पायावर वीस उड्या. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असे आठ फेरे, एक दिवसाआड. आधी वेळ वाढवायचा, वेग त्यानंतर, चढ-उतार सगळ्यात शेवटी.

शर्यतीच्या दिवशी पोट आणि ऊन हे दोनच खरे प्रतिस्पर्धी. पाऊणलिटरच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर, म्हणजे पाच मोठे चमचे, पाव छोटा चमचा मीठ आणि अर्धं लिंबू. यात तासाभराची साखर आणि सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम येतं. महागड्या पुड्यांची चव बरी असते, हिशेब हाच असतो. एवढी साखर पचवायची पोटाला सहा-आठ आठवडे सवय लावावी लागते. ज्याने लाँग राइडला फक्त पाणी पिऊन काढलं, त्याचं पोट गोव्यात साठाव्या किलोमीटरला संप पुकारतं. तसं झालंच तर दहा मिनिटं वेग कमी, साधं पाणी, गोड बंद. किती प्यायचं हे स्वतःच्या घामावरून ठरवावं: तासभर पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करायचं, प्यायलेलं त्यात मिळवायचं. ७० किलोचा माणूस अर्धा लिटर पिऊन ६९.२ वर आला तर तासाला १.३ लिटर घाम. तेवढं सगळं प्यायचं नसतं. तहानेपलीकडे साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, बोटं फुगतात, अंगठी रुतते, डोकं दुखतं आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. हे पाणी कमी पडल्याचं लक्षण समजून आणखी पाणी पाजलं जातं आणि जिवावर बेतू शकतं. दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. बर्फ मिळेल तिथे टोपीत आणि मानेमागे घालावा. सकाळी नाश्ता तीन तास आधी, पोहे किंवा इडली. मिसळ दुपारी.

शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणायचं, वेग तोच ठेवायचा. या दिवसांत सगळ्यांनाच कुठेतरी काहीतरी दुखू लागतं, गुडघा, खुबा, घसा. जागा रोज बदलत असेल तर लक्ष देऊ नये. जागा एकच असेल, चालताना लंगडायला होत असेल, तर नोंदणीचे गेलेले पैसे हा शर्यत करायचं कारण ठरत नाही. फक्त पोहून आणि सायकल करून दुसऱ्या टी-झोनमध्ये, म्हणजे सायकल ठेवून पळायला निघायच्या जागी, वेळ मोजणारी चिप परत देणं हा पूर्णपणे सन्माननीय मार्ग आहे, आणि कंडरेपुरतं बोलायचं तर पैसाही निम्म्याहून जास्त वसूल.

शर्यत संपल्यावर पणजीहून रात्रीची स्लीपर बस पकडून सोमवारी पुण्यात ऑफिस गाठणारे पुष्कळ. शरीरातलं पाणी कमी, पाय सुजलेले, त्यात दहा-बारा तास पडून प्रवास. बसमध्ये चढण्याआधी खारट काहीतरी खाऊन, लघवी फिकट होईपर्यंत पाणी प्यावं, तासातासाला घोटे वर-खाली फिरवावेत, जेवणाच्या थांब्यावर उतरून चालावं. दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखत असतील तर तो शर्यतीचा प्रसाद, चार दिवसांत ओसरतो. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबून दुखली, तर मालिश करायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन डॉप्लर (शिरेतली रक्ताची गुठळी दाखवणारी तपासणी) करून घ्यायचा. त्यात छातीत दुखलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठायची.